जुना फोन, नवी प्रणाली

मंडळी, नंदुरबारच्या किंवा शहाद्याच्या बाजारात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानापुढे थोडा वेळ उभे राहा. एक वाक्य हमखास कानावर येईल. "फोन डेड झाला होता, सॉफ्टवेअर मारून आणला." बैलाला पत्री मारून आणावी, तितक्या सहज माणूस हे सांगतो. ऐकणाराही मान डोलावतो. पण सॉफ्टवेअर म्हणजे काय, ते मारतात म्हणजे काय करतात, आणि मारून आणलेला फोन पहिल्यासारखाच राहिला की बदलला, असे विचारले तर दोघेही गप्प होतात.

हे विचारून घेतले पाहिजे. पूर्वी फोनवर नुसते बोलणे होई. आता बँकेचा निरोप फोनवर येतो. मजुरीचे, अनुदानाचे पैसे जमा झाले की फोन वाजतो. ऊसतोडीला गेलेला मुलगा फोनवरूनच घरी पैसे पाठवतो. असा फोन दुकानदाराच्या हातात देणे म्हणजे घराची किल्ली देण्यासारखेच आहे.

सॉफ्टवेअर समजून घ्यायला शाळेचे उदाहरण घेऊ. आमचा जन्म शाळेत गेला, त्यामुळे आम्हाला तेच सुचते.

शाळेला भिंती असतात, पत्रे असतात, फळा असतो, घंटा असते. पण मास्तर नसेल तर शाळा चालेल काय? घंटा नुसती टांगलेली राहील. फोनचेही तसेच आहे. काच, बॅटरी, कॅमेरा, आतली चिप ही झाली इमारत. ती हाताला लागते. तिला कामाला लावणारी जी शिकवण आत भरलेली असते, ती म्हणजे सॉफ्टवेअर. ते हाताला लागत नाही. व्हॉट्सॲप, हवामान, बँक ही जी ॲप असतात, ते झाले वर्गावरचे मास्तर. ह्या सर्वांच्या वर एक हेडमास्तर असतो. कोणाला कोणती खोली द्यायची, घंटा केव्हा वाजवायची, कपाटाची किल्ली कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, हे तो ठरवतो. फोनच्या ह्या हेडमास्तरला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपण त्याला प्रणाली म्हणू. आपल्याकडच्या बहुतेक टचच्या फोनांत अँड्रॉइड नावाची प्रणाली असते.

आता 'सॉफ्टवेअर मारणे' म्हणजे काय ते पाहा. ह्याचे दोन अर्थ होतात आणि दुकानात दोन्हींना एकच नाव आहे. एक म्हणजे कंपनीचीच प्रणाली पुसून तीच पुन्हा कोरी करकरीत भरणे. हेडमास्तर आजारी पडले, बरे होऊन परत आले, असे समजा. दुसरा अर्थ निराळा. कंपनीची प्रणाली काढून टाकायची आणि बाहेर दुसऱ्या कोणी बनवलेली प्रणाली त्या जागी बसवायची. इमारत तीच, पण हेडमास्तर नवा, आणि तोही कंपनीने न नेमलेला. ह्या दुसऱ्या प्रकाराला जाणकार लोक 'कस्टम रॉम' म्हणतात. ह्या लेखात मुख्यतः त्याचीच गोष्ट आहे.

प्रथम असे विचारू, की लोकांना प्रणाली बदलावीशी का वाटते? काच फुटलेली नाही, बॅटरी बरी आहे, तरी तीन-चार वर्षांत फोन म्हातारा होतो. हे कसे?

फोन विकल्यावर कंपनी काही वर्षे त्याची प्रणाली सुधारत असते. चोरांनी नवी फट शोधली की कंपनी ती बुजवते आणि 'अपडेट' म्हणून फोनवर पाठवते. स्वस्त फोनांना ही सेवा पुष्कळदा दोन-तीन वर्षेच मिळत आली आहे. मग कंपनी हात झटकते. फोन चालू असतो, पण नव्या फटी बुजवायला कोणी नसतो. इकडे ॲप मात्र दर वर्षी जाडजूड होत जातात. एक दिवस बँकेचे ॲप सांगते, की ह्या जुन्या प्रणालीवर मी आता चालणार नाही. महागड्या फोनांच्या बाबतीत थोडा बदल झाला आहे. गूगलने २०२३ पासून आणि सॅमसंगने २०२४ पासून आपल्या काही मोठ्या फोनांना सात वर्षे अपडेट देण्याचे कबूल केले. युरोपात तर २० जून २०२५ पासून कायदाच लागू झाला. त्या दिवसापासून बाजारात येणाऱ्या फोनची विक्री कंपनीने थांबवली, तरी पुढे निदान पाच वर्षे अपडेट दिलेच पाहिजेत. आपण वापरतो त्या सात-आठ हजारांच्या फोनला मात्र खोक्यावर काय लिहिले आहे तेच खरे. घेतानाच विचारावे, "अपडेट किती वर्षं मिळणार?" दुकानदाराला सांगता आले नाही, तर तेही एक उत्तरच झाले.

फोन म्हातारा होतो म्हणजे काय, हे आपल्या अंगणवाडीच्या ताईंना विचारा. २०१९ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांना पोषणाच्या कामासाठी सरकारी फोन मिळाले. त्यांत दोन जीबी रॅम होती. रॅम म्हणजे काय? घरात धान्याची कोठी असते आणि भाकरी थापायला ओटा असतो. रॅम म्हणजे ओटा. कोठी कितीही मोठी असली, तरी ओटा लहान असेल तर एका वेळी एकच काम होते. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर नावाचे नवे ॲप आले. ते त्या फोनांवर नीट चालेना. फोन अडकत, तापत. त्यात ॲपची भाषा इंग्रजी. मुलांची वजने मराठीत लिहिणाऱ्या बाईंनी ते भरायचे कसे? शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. त्या आंदोलनाला 'मोबाईल वापसी' असे नावच पडले.

कोणी म्हणेल, की त्या फोनांत दुसरी प्रणाली भरली असती तर? नाही. एक तर फोन सरकारी, त्याला आपण हात लावायचा नसतो. दुसरे असे, की हेडमास्तर बदलल्याने वर्गखोल्या वाढत नाहीत. हलकी प्रणाली घातली तर दोन जीबीच्या ओट्यावर पसारा जरा कमी होतो. पण ओटा दोनचा चार होत नाही, आणि ॲप इंग्रजीत असेल तर ते इंग्रजीतच राहते. नव्या प्रणालीने काय होते आणि काय होत नाही, हे आधी ओळखावे. "फोन नव्यासारखा करून देतो," असे कोणी म्हणाले की आम्हाला तरी शंका येते.

मग ही दुसरी प्रणाली येते कोठून? कोण बनवतो? आणि फुकट का देतो?

आपला नंदुरबारचा मिरचीबाजार घ्या. एका दुकानदाराचा मसाला प्रसिद्ध आहे. काय काय घातले ते तो कोणाला सांगत नाही. दुकान बंद झाले की मसालाही गेला. दुसरी एक बाई आपल्या मसाल्याची कृती सर्वांना सांगते. "करा, विका, त्यात आपल्या आवडीने भर घाला," म्हणते. ती बाई उद्या नसली, तरी मसाला राहतो. सॉफ्टवेअरचेही असे दोन प्रकार आहेत, बंद कृतीचे आणि खुल्या कृतीचे.

१९९१ मध्ये फिनलंड देशातल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या प्रणालीचा गाभा लिहिला आणि त्याची कृती जगाला खुली केली. त्याचे नाव लिनक्स. जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. पुढे गूगलने ह्याच गाभ्यावर अँड्रॉइड उभारले. अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ मध्ये बाजारात आला. अँड्रॉइडची मूळ कृतीही खुली आहे. फोनच्या कंपन्या ती घेतात, आपापला मसाला घालतात आणि आपले नाव लावून फोन विकतात.

कृती खुली, तर ती फक्त कंपन्यांनीच का घ्यावी? २००९ मध्ये अमेरिकेतल्या स्टीव्ह कोंडिक ह्या गृहस्थांनी त्या पहिल्या फोनसाठी स्वतः सुधारलेली प्रणाली बनवली आणि लोकांना दिली. तिचे नाव सायनोजनमॉड. देशोदेशीचे हौशी लोक आले आणि आपापल्या फोनांसाठी ती जुळवू लागले. पगार कोणालाच नव्हता. आपल्या गावात भजनी मंडळ चालते, तसेच हे मंडळ होते. पुढे त्यातून एक कंपनी निघाली, आणि कंपनी निघाली की भांडणही निघते. डिसेंबर २०१४ मध्ये हे भांडण थेट दिल्लीच्या उच्च न्यायालयात आले. वनप्लसचा फोन ह्याच प्रणालीवर भारतात विकायला आला होता. मायक्रोमॅक्स म्हणाली, की भारतापुरता हक्क आम्ही घेतला आहे. वनप्लसच्या विक्रीवर बंदी आली आणि थोड्याच दिवसांत ती उठलीही. म्हणजे फुकट वाटलेल्या वस्तूवरून कोर्टकचेरी झाली! डिसेंबर २०१६ मध्ये त्या कंपनीने सायनोजनमॉडचे काम बंद केले. पण कृती खुली होती. मंडळातल्या लोकांनी त्याच महिन्यात ती उचलली आणि नवे नाव दिले, लिनिएज ओएस. लिनिएज म्हणजे वंश. हा वंश आजही चालू आहे आणि प्रणाली बदलणाऱ्या लोकांत हे नाव सर्वांत जास्त ओळखीचे आहे.

टाकून दिलेली प्रणाली दुसऱ्याने उचलून चालवली, ह्याचा एक दाखला तर आपल्या घराघरांत येऊन गेला आहे. २०१७ मध्ये आलेला बटणांचा जिओफोन आठवतो ना? त्याच्या प्रणालीचे नाव कायओएस. तिचे मूळ फायरफॉक्स ओएस ह्या खुल्या प्रणालीत आहे. मोझिला नावाच्या संस्थेने ती बनवली होती. २०१४ मध्ये तिचे फोन भारतात दोन हजारांच्या आत मिळू लागले, पण ते चालले नाहीत. २०१६ मध्ये मोझिलाने फोनचे काम सोडले. दुसऱ्यांनी ती कृती घेतली, बटणांच्या फोनाला जुळवली, आणि ती आपल्या ओसरीवर येऊन बसली.

मराठीच्या दृष्टीनेही ह्या खटपटीचा उपयोग झालेला आहे. २०१०-११ च्या सुमाराचे पुष्कळ अँड्रॉइड फोन असे होते, की मराठी मजकूर आला की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसत. माणूस शिकलेला, पण फोन अडाणी! तेव्हा काही खटपट्या तरुणांनी फोनची आतली कुलपे उघडून देवनागरी अक्षरांचा साचा आत बसवला. पुढे कंपन्यांनी अक्षरे दिली, आणि २०१४ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ५.० पासून फोनवरची बटणे आणि सूचनाही मराठीत वाचता येऊ लागल्या. आज त्यासाठी काही फोडावे लागत नाही. सेटिंगमध्ये जाऊन भाषा मराठी निवडली की झाले. तुमच्यापैकी किती जणांनी ते केले आहे? नवे वाचायला शिकलेल्याने पहिले काम तेच करावे. तेथेच अक्षराचा आकारही मोठा करता येतो.

आता प्रणाली बदलतात कशी, ते पाहू. हे नीट वाचा, कारण खरी मेख येथे आहे.

सकाळी शाळा उघडते तेव्हा दारात शिपाई उभा असतो. हेडमास्तर आले की तो त्यांचा नेमणुकीचा हुकूम पाहतो. त्यावर कंपनीचा शिक्का असेल तरच आत सोडतो. फोनमध्येही असा शिपाई आहे. फोन चालू करताना कंपनीचे चिन्ह दिसते, तेवढ्या क्षणात तो आपले काम करतो. त्याला बूटलोडर म्हणतात. बाहेरची प्रणाली बसवायची तर ह्या शिपायाला सांगावे लागते, "आजपासून शिक्का पाहू नकोस." ह्यालाच बूटलोडर उघडणे म्हणतात. काही कंपन्या हे करू देतात. काही अर्ज घेऊन थांबायला लावतात. आणि पुष्कळ कंपन्या आता मुळीच करू देत नाहीत.

शिपाई बाजूला झाला की दोन गोष्टी घडतात. पहिली म्हणजे फोन आपले पोट रिकामे करतो. फोटो, नंबर, निरोप, पोराच्या पहिल्या बोलांची ध्वनिफीत, सगळे पुसले जाते. हे मुद्दाम तसे केलेले आहे. चोराने तुमचा फोन नेऊन कुलूप उघडले, तर तुमचा माल त्याच्या हाती लागू नये म्हणून. तेव्हा आधी सर्व दुसरीकडे उतरवून ठेवावे लागते. दुसरी गोष्ट अशी, की त्यानंतर कोणीही हेडमास्तर म्हणून आत येऊन बसू शकतो. चांगला येईल, तसा लबाडही येईल. शिपाई आता विचारणार नाही.

मग फोन तारेने संगणकाला जोडतात आणि नवी प्रणाली आत भरतात. ही प्रणाली नेमकी त्याच मॉडेलची हवी. एका नांगराचा फाळ दुसऱ्याला बसत नाही, आणि बसवलाच तर मोडतो. एकाच नावाच्या दोन फोनांत आतली चिप निराळी असू शकते. चुकीची प्रणाली भरली किंवा मध्येच वीज गेली, तर फोन कायमचा बंद पडू शकतो. त्याला ते लोक 'वीट झाली' असे म्हणतात. आपल्याकडे वीज केव्हा जाईल ह्याचा नेम नसतो, हेही ध्यानात असू द्या. आणखी एक अडचण आहे. लिनिएजची मंडळी सर्व फोनांसाठी प्रणाली बनवत नाहीत. त्यांच्या यादीत असलेल्याच फोनांना ती मिळते, आणि आपल्याकडच्या स्वस्त फोनांपैकी पुष्कळ त्या यादीत नाहीत. यादीबाहेरच्या फोनसाठी कोणी कोठून तरी आणलेली प्रणाली भरतो म्हणाला, तर ती कोणी बनवली हे कळायला मार्ग नाही. तेथे आम्ही स्पष्ट नको म्हणू.

'रूट करणे' हाही शब्द कानावर येतो. तो ह्याहून निराळा आहे. रूट करणे म्हणजे शाळेतल्या सर्व कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा एखाद्या ॲपच्या हाती देणे. जाणकाराच्या हाती तो उपयोगी पडतो. पण वाईट ॲपच्या हाती गेला तर तिजोरीही उघडी.

तिजोरीवरून आपण पैशाकडे येतो.

आधार कार्डाची सुरुवात आपल्याच जिल्ह्यात झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्यासाठी पंतप्रधान मनमोहन सिंग तेथे आले होते. नंतर बँकखाते आधारला जोडले गेले, आधार फोनला जोडला गेला, आणि २०१६ पासून यूपीआय आल्यावर फोनवरूनच पैसे देता-घेता येऊ लागले. टेंभलीत सुरू झालेली वाट अशी आपल्या खिशापर्यंत आली. त्यामुळे बँकेची ॲप फार सावध असतात. ती उघडताना आधी दारात कोण आहे ते पाहतात. शिपायाला बाजूला केलेले दिसले, हेडमास्तरच्या हुकुमावर शिक्का दिसला नाही, की पुष्कळ बँकांची ॲप उघडतच नाहीत. काही उघडतात, पण आज उघडले म्हणून उद्या उघडेलच असे नाही.

ह्यावर काही कारागीर युक्ती सांगतात. "ॲपला फसवून चालवतो," म्हणतात. आमचा विचाराल तर पैशाच्या ॲपला फसवून चालवू नये. उद्या काही गडबड झाली आणि बँकेपुढे उभे राहायची वेळ आली, तर आपली बाजू आधीच लंगडी झालेली असते.

मग जुन्या फोनचा उपयोग काय? उपयोग आहे. ज्या घरात दोन फोन आहेत, तेथे पैशाचे सर्व काम कंपनीच्या कुलपातल्या, अपडेट मिळणाऱ्या फोनवर ठेवावे. दुसरा जुना फोन यादीत असेल आणि करणारा माहीतगार असेल, तर त्यात लिनिएज भरून मुलांचा अभ्यास, पुस्तके, गाणी, हवामान, कॅमेरा ह्यासाठी तो आणखी काही वर्षे वापरता येतो. अशी प्रणाली मुळात हलकी असते. कंपनीने ठासून भरलेली नको ती ॲप तिच्यात नसतात. गूगलचे ॲपचे दुकानसुद्धा नसते. हवे असेल तर वेगळे घालावे लागते. कंपनीने सोडून दिलेल्या फोनच्या अँड्रॉइडमधल्या नव्या फटी ही मंडळी बुजवत राहतात. मात्र चिपच्या आतली जी शिकवण चिप बनवणाऱ्यानेच दिलेली असते, ती त्यांनाही बदलता येत नाही. नवा हेडमास्तर कितीही चांगला असला, तरी पायाला गेलेली भेग त्याला बुजवता येत नाही. आणि धडगाव-मोलगीकडे रेंजसाठी टेकडी चढावी लागते, ती नव्या प्रणालीनेही चढावीच लागेल.

एकच फोन असेल, त्यावरच बँकेचे निरोप येत असतील, तर प्रणाली बदलण्याच्या भरीस पडू नये. त्याऐवजी हलक्या गोष्टी कराव्या. सेटिंगमध्ये 'सिस्टिम अपडेट' पाहावे. कित्येक फोनांत अपडेट आलेला असतो, पण नेट संपेल म्हणून कोणी तो उतरवून घेत नाही. न वापरलेली ॲप काढून टाकावी. रोज सकाळी येणारी सुप्रभाताची चित्रे शेकड्यांनी साठतात, ती पुसावी. कोठी गच्च भरली की फोन अडखळणारच. पडद्याचे रूप बदलायचे असेल तर लाँचर नावाचे साधे ॲप मिळते. त्याने चिन्हे मोठी आणि मोजकी करता येतात. वडीलमाणसांना ते फार सोयीचे पडते, आणि त्यासाठी शिपायाला हलवावे लागत नाही.

एका गोष्टीपासून मात्र दूर राहा. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून, किसान योजनेची यादी म्हणून किंवा गाडीचा दंड म्हणून एखादी फाईल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी इंग्रजी अक्षरे असतात. ती पत्रिका नसते, ते ॲप असते. दाबले की ते आत शिरते आणि बँकेचे निरोप वाचू लागते. ओळखीच्या माणसाकडून आली तरी दाबू नका, कारण आधी त्याचाच फोन फसलेला असतो. आधीच दाबले गेले आणि पैसे गेले, तर उशीर न करता १९३० ह्या नंबरवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. पैसे पुढच्या हातात जाण्याआधी अडवता आले तर आले, म्हणून येथे तासांचा हिशेब असतो. 'जादा सोयींचे' म्हणून फिरणारे बनावट व्हॉट्सॲपही असेच बाहेरून आलेले असते. ते घेऊ नका.

आता दुकानात जाण्यापूर्वीचे सांगतो. सॉफ्टवेअर मारायला फोन देताना सिम काढून आपल्या खिशात घाला. मेमरी कार्डही काढा. पॅटर्न चिठ्ठीवर लिहून देऊ नका. लागलाच तर समोर बसून स्वतः घाला. मग सरळ विचारा, "भाऊ, कंपनीचंच सॉफ्टवेअर भरणार की दुसरं? माझे फोटो जातील का? बूटलोडर उघडावा लागेल का?" चांगल्या कारागिराला ह्या प्रश्नांचा राग येत नाही. शहाद्याकडे पोरे ह्या धंद्यात हुशार आहेत, विचारले तर कौतुकाने समजावून देतात. फोन हातात आल्यावर तो बंद करून एकदा चालू करा. प्रणाली बाहेरची असेल, तर पुष्कळ फोन सुरू होतानाच इंग्रजीत सूचना दाखवतात, की बूटलोडर उघडा आहे. वाचता आली नाही तर शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्या.

शेवटी फोनच्या आकड्याविषयी. प्रत्येक फोनला १५ अंकी आकडा असतो. त्याला आयएमईआय म्हणतात. फोन चोरीला गेला तर पोलीस ह्याच आकड्यावरून शोध घेतात. काही दुकानांत सॉफ्टवेअर मारताना हा आकडा पुसला जातो किंवा दुसराच घातला जातो. मुद्दाम आकडा बदलणे हा गुन्हा आहे. २०१७ मध्ये त्यासाठी नियम झाले, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. म्हणून फोन देण्याआधी नंबर फिरवतो तसे फिरवा: *#०६#. म्हणजे तारा, फुली, शून्य, सहा, फुली. पडद्यावर आकडा येईल, तो वहीत लिहा. फोन परत आला की दुकानातच पुन्हा फिरवा आणि अंकाला अंक जुळवून पाहा. दोन सिमांच्या फोनला असे दोन आकडे असतात, दोन्ही जुळले पाहिजेत.